शुक्रवारचं पाणी

पुणे
५ जानेवारी २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नका, सगळे बरे आहेत. सत्यम म्हणाला, "पप्पांना फोनवर काही विचारू नको, ते हूं हूं करतात आणि ठेवून देतात. लिहून पाठव, लिहायला त्यांना आवडतं." म्हणून शाळेनंतर पहिल्यांदा हे असं कागद-पेन घेऊन बसले आहे.

काम असं आहे. मी ज्या ऑफिसात लिहिते तिथे मध्यम आकाराच्या औद्योगिक शहरांवर एक जाडजूड, रंगीत पुस्तक निघतंय. नदीकाठी वसलेली, फार मोठी नाहीत, फार लहान नाहीत, कारखान्यांवर जगणारी शहरं. आपलं शहर माझ्या वाट्याला आलं. आता मी पडले बोरखेडीची. बारावीनंतर थेट पुण्याला आले. शहर मी बसच्या खिडकीतून बघितलेलं. तुम्ही मात्र चाळीस वर्षं मुकुंदवाडीत राहिलात आणि त्यातली बावीस वर्षं कारखान्याचं घाण पाणी साफ करणारा प्लांट चालवलात. तुमच्याइतकं हे शहर कोणाला माहीत असणार?

मला सांगा: शहर कसं आहे, लोक काय खातात, पाहुण्याला काय दाखवावं, कारखान्यांमुळे काय बदललं, आणि नदी कशी आहे. मनात येईल तसं लिहा, नीटनेटकं मी करते.

आईला हे पत्र माहीत नाही. तुमचं नाव निघालं की ती भाकरी थापायची थांबते. नऊ वर्षं झाली मामा, आता तरी मिटवा.

मामींना जयभीम.

तुमची,
अपेक्षा


मुकुंदवाडी
१५ जानेवारी २०२५

चि. अपेक्षा,
जयभीम.

तुझं पत्र मिळालं. अक्षर डॉक्टरसारखं झालंय. शहर कसं आहे विचारलंस, तर नाकाला रुमाल लाव आणि वाच.

लोकसंख्या पंधरा-सोळा लाख म्हणतात. त्यात डुकरं धरलेली नाहीत. ती धरली तर आपण मोठ्या शहरांत मोडू. आमच्या गल्लीत आठ दिवसांतून एकदा पाणी येतं. पाण्याचा दिवस असला की तुझी मामी मयतीलाही जात नाही. घरात माणसांपेक्षा ड्रम जास्त आहेत, पाहुणा आला तर त्याला ड्रमावर बसवतो. साठ किलोमीटरवर एवढं मोठं धरण आहे, आणि त्याचं पाणी आमच्यापर्यंत यायला दर निवडणुकीला दोन वर्षं उरलेली असतात.

पाहुण्याला काय दाखवावं? पाहुणा इथे थांबतच नाही. वेरूळ-अजिंठ्याला जायचं म्हणून रात्रीपुरता टेकतो आणि सकाळी नाक धरून निघतो. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून मिरवतात. जे उरलेत त्यांच्यावर कोणाचा तरी वाढदिवस चिकटवलेला असतो. मुकुंदवाडी चौकात एका फलकावर मी सतरा चेहरे बघितले. वाढदिवस एकाचा, बाकीचे सोळा नुसते हात जोडून उभे. त्या फलकाच्या खाली कचरा, कचऱ्यावर कुत्री, आणि कुत्र्यांच्या बाजूला भेळेची गाडी. लोक खातातही. मला त्या लोकांची शिसारी येते, आणि मंगळवारी मीही तिथेच उभा असतो.

आमच्या स्टेशनवर मोजक्या गाड्या थांबतात. पहाटे रुळांवर जे लोक बसलेले दिसतात ते गाडीची वाट बघत नसतात, एवढं तुझ्या रंगीत पुस्तकात घाल.

कारखान्यांमुळे काय बदललं? कन्नडची, लासूरची पोरं जीपला लोंबकळत येतात, अकरा महिने काम करतात, मग त्यांना घरी पाठवतात आणि बाराव्या महिन्यात पुन्हा नव्याने घेतात. म्हणजे पोरगं दहा वर्षं राबतं आणि कागदावर रोज नवीनच असतं. आमचा सत्यमही तसाच लटकलाय, माझ्याच जुन्या कारखान्यात. त्याची कायम नोकरीची ऑर्डर मार्चअखेरीला निघेल म्हणतात. तुझ्या मामीनं त्यासाठी पंधरा पौर्णिमा विहारात खीर वाटलीय. साहेब मात्र मोठ्या बंगल्यात राहतात, आणि त्यांच्या कारंज्याला रोज पाणी असतं.

नान-खलिया मात्र चांगला. त्याला मी नावं ठेवणार नाही. जुन्या शहरात जाऊन सकाळी गरम खावा, हात धुवावेत आणि कोणाशी न बोलता घरी यावं.

नदीचं विचारलंस. नदी आहे.

तुझा,
बुद्धभूषण मामा


पुणे
२७ जानेवारी २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

हसून हसून पोट दुखलं. ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळे म्हणाले असे मामा आम्हालाही हवेत. अर्थात पुस्तकात हे असंच घालता येणार नाही. सतरा चेहरे काढावे लागतील, रुळांवरचे लोकही. नान-खलिया ठेवला आहे. ड्रमांचं मी "पाण्याचं मोल जाणणारे काटकसरी नागरिक" असं केलंय. रागावू नका, या धंद्यात असंच लिहितात.

पण नदीवर तुम्ही दोनच शब्द लिहिलेत. खरं तर मला तेच हवं आहे. सुखना नदी आणि तुमचा प्लांट. कामगारांमध्ये असा माणूस दुसरा कोण असेल, ज्यानं बावीस वर्षं नदी सांभाळली? थोडं सविस्तर लिहा, आणि एक फोटो पाठवा, गणवेशातला असेल तर उत्तम.

आता घरचं. आईच्या तळहाताची कातडी परत सोलायला लागलीय. भाकरी थापताना पीठ लागलं तरी झोंबतं. आमच्या वस्तीची विहीर, सुखनेच्या काठची, तुम्हाला माहीतच आहे. गेली काही वर्षं पाणी पिवळट येतं, या हिवाळ्यात तर पांढरं लुगडं धुतलं की हळदीचं दिसतं. लहान मुलांसाठी विकतचा जार आणतात. आई मात्र ऐकत नाही. उकळून तेच पिते. म्हणते, "सासऱ्यानं अन् वस्तीनं हातानं खणलेली हिर हाय. गावच्या हिरीवर आमाला पोहरा टाकू देत नव्हते म्हनून खणली. पिवळी झाली म्हनून काय टाकून द्यायची?"

वस्तीनं सरकारकडे अर्ज केलाय, पहिली सही आईची. वरच्या कारखान्यांनी विहीर खराब केली, त्यांनी वस्तीला नळाचं पाणी द्यावं, एवढीच मागणी आहे. कारखान्यांचं म्हणणं, तो तिथल्या दगडाचाच रंग आहे. १८ मार्चला शेवटची सुनावणी. तोवर काही पुरावा आला नाही तर अर्ज निकाली काढणार आहेत. तुम्ही त्या धंद्यातले, आईला दोन शब्द सांगितलेत तर आधार होईल. निदान त्या निमित्तानं बोलाल तरी.

तुमची,
अपेक्षा


मुकुंदवाडी
६ फेब्रुवारी २०२५

चि. अपेक्षा,
जयभीम.

नदीवर काही लिहू नकोस. प्लांट चालू होता, मी कामावर होतो. एवढंच लिही, नाहीतर तेही नको.

फोटो पाठवत नाही.

आक्काला त्या विहिरीचं पाणी पिऊ देऊ नकोस. उकळूनही नको, उकळून काही होत नाही. अंघोळीलाही नको. तू घरी जाशील तेव्हा तूही पिऊ नकोस. का ते विचारू नकोस, मामा सांगतो म्हणून ऐक.

बुद्धभूषण मामा


पुणे
१४ फेब्रुवारी २०२५

मामा,
जयभीम.

पुन्हा तेच. नऊ वर्षांपूर्वी तोंडानं म्हणालात, आता लिहून दिलंत.

माझ्या बारावीच्या निकालाचा दिवस मी विसरलेले नाही. आईनं कोंबडी केली होती. वस्तीतले पंधरा लोक जेवायला होते. तिनं तुमच्यासमोर तांब्या ठेवला आणि तुम्ही पिशवीतून विकतची बाटली काढलीत. सगळ्यांच्या देखत. ती म्हणाली, "घे ना रे पानी." तुम्ही म्हणालात, "मला हे चालत नाय." त्यावर ती काय म्हणाली ते तुम्ही ऐकलंत, वस्तीनं ऐकलं: "गावानं आमचा विटाळ धरला तो धरला. आता भावानं पन धरला का?"

तुम्ही ताटातलं संपवलंत आणि साडेचारच्या बसनं गेलात. शहरात गेलेली माणसं अशी होतात हे मी वाचलं होतं, घरात बघितलं ते तेव्हा. आपल्याच लोकांच्या घरचं पाणी न चालणं याला आपल्यात काय म्हणतात, ते तुमच्यासारख्या विहारात भाषणं करणाऱ्या माणसाला मी सांगू? आई त्या दिवशी कोंबडीचं पातेलं तसंच ठेवून विहिरीच्या काठावर जाऊन बसली होती. मला किळस आली होती तुमची. आज पुन्हा आली.

माझ्या कामाचं म्हणाल तर पुस्तकाची मुदत संपली. तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून मी लिहिलं. तो भाग खाली देते, चूक असेल तर आठ दिवसांत कळवा:

"सुखनेच्या शांत काठावर इतिहास आणि उद्योग इथे हातात हात घालून चालतात. कारखान्यांनी नदीला कधी परकं मानलं नाही. प्लेटिंगच्या एका कारखान्यात बावीस वर्षं सांडपाणी शुद्धीकरणाची धुरा वाहणारे बुद्धभूषण हे या शहराच्या जबाबदार उद्योगसंस्कृतीचं प्रतीक आहेत. त्यांच्या हाताखालून गेलेला प्रत्येक थेंब निर्मळ होऊनच नदीला मिळाला."

फोटो सत्यमकडून मिळाला.

अपेक्षा


मुकुंदवाडी
२५ फेब्रुवारी २०२५

चि. अपेक्षा,
जयभीम.

तुझे आठ दिवस उलटून गेले. हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा चुलीत घातलं. मामी विचारते, कोणाला लिहिताय? आमचं घर दोन खोल्यांचं, इथे माणूस मनातल्या मनातही मोठ्यानं बोलू शकत नाही. म्हणून विहारात बसून लिहितोय.

परवा सत्यम नाचत घरी आला. कारखान्यातल्या ऑफिसनं त्याला बोलावून सांगितलं, तुझ्या वडिलांचं नाव पुस्तकात येणार, कारखान्याला तीस वर्षं झाली म्हणून साहेब छापून घेतायत. तेव्हा मला कळलं की तुझं ते मध्यम शहरांचं पुस्तक कोणाच्या पैशानं निघतंय. तू मला ते सांगितलं नाहीस. असो. मी कोणत्या तोंडानं बोलू?

आता ऐक. आमच्याकडे सायलेन्सर, हँडल, असल्या गाड्यांच्या भागांना चकाकी देतात. त्यातून पिवळं पाणी निघतं. ते जहर आहे. ते औषध टाकून हिरवं करायचं, मग चुना टाकायचा, गाळ खाली बसला की वरचं पाणी सोडायचं. हे माझं काम. पहिली दोन वर्षं मी ते नीट केलं. मग साहेब म्हणाले, "औषध जपून." मग म्हणाले, "पंप रोज कशाला?" मग काही म्हणालेच नाहीत, आणि न म्हणताच मला समजू लागलं. कारखान्याची सुट्टी शुक्रवारी असे. मी शुक्रवारी दुपारी एकटा जायचो, मागच्या भिंतीशी वाकायचो आणि वॉल्व्ह उघडायचो. आठवड्याचं पाणी दोन तासांत नाल्याला, नाल्यातून सुखनेला. वॉचमन म्हणायचा, "आले का भूषणराव नमाजाला?" आणि आम्ही दोघं हसायचो.

तपासणीवाले फोन करून यायचे. त्यांची बाटली मी भरायचो. कँटीनच्या नळाचं पाणी, आणि त्यात टाकीतलं एक मग. नुसतं नळाचं दिलं तर फार स्वच्छ दिसतं, संशय येतो. किती घातलं की खरं वाटतं, हे माझ्याइतकं कोणाला जमत नसे. साहेबांनी त्याबद्दल मला एका दिवाळीला पॅंटपीस दिला होता. मी तो शिवून घातला.

तुझा तो परिच्छेद मी दहा वेळा वाचला. मी तुला सगळी घाण लिहून दिली, तू तिच्यातला नान-खलिया तेवढा एक मग ठेवलास. पोरी, तूही बाटली नळावर भरलीस. हे मी चिडून लिहीत नाही, तुझ्यात माझं काय उतरलं ते बघून लिहितो.

तुमच्या विहिरीला रंग आला ते मला तुझ्या बारावीच्या वर्षी कळलं, जेवणाच्या महिनाभर आधी. आक्काच सहज म्हणाली होती, पाणी पिवळं येतंय, पाला पडला असंल. मला पाला नाही दिसला, मला शुक्रवार दिसला. तेव्हा मी बोललो असतो तर नोकरी गेली असती, सत्यम दहावीत होता. आणि बोललो नाही म्हणून नंतर निवृत्तीपर्यंत आणखी सात वर्षं बोलता आलं नाही. "बोअर घ्या," एवढं मी सुचवलं होतं. ती म्हणाली, हिर असताना बोअर कशाला?

तांब्या समोर आला तेव्हा माझा हात पुढे गेलाच नाही. मला माझाच जीव प्यारा झाला. तू माझ्यासमोर दोन पेले प्यालीस, वस्तीतली पोरं प्याली, आक्का प्याली. मी बघत होतो आणि बाटलीचं बूच फिरवत होतो. तिनं विटाळाचा बोल लावला आणि मी तो अंगावर घेतला, कारण खऱ्या गोष्टीपेक्षा तो हलका होता. बायको, विहार, सगळा समाज त्याबद्दल माझ्यावर थुंकला. मी ऐकून घेतलं.

तू म्हणालीस १८ मार्चला पुरावा नसला तर अर्ज जाईल. पुरावा मी आहे, दुसरा कोणी नाही. पण सत्यमची ऑर्डर ३१ मार्चला आहे. मी १८ ला उभा राहिलो की ३१ ला त्याला गेटवरच अडवतील. सुनावणी महिनाभर पुढे ढकलायला अर्ज देता येतो का, तेवढं बघ. ऑर्डर हातात पडली की मी काहीही बोलतो. आक्काला आत्ता सांगू नकोस.

तुझा,
मामा


पुणे
३ मार्च २०२५

मामा,

हे पत्र मी तीन वेळा वाचलं आणि प्रत्येक वेळी उठून नळाखाली हात धुतले. का ते माहीत नाही.

अठरा वर्षं मी ते पाणी प्याले. त्यातली बहुतेक तुमच्या शुक्रवारांची. सुट्टीत तुम्ही आमच्यासाठी पेरू आणायचात, ते आम्ही त्याच विहिरीच्या पाण्यात धुवून खायचो, आणि तुम्ही बघून हसायचात. आता मला कळत नाही त्या हसण्याचं काय करू.

कारखान्याचं नाव मी मुद्दाम लपवलं. तुम्ही नाही म्हणाल अशी भीती होती, आणि मला हे काम हवं होतं, माझ्या नावानं निघणारं पहिलं पुस्तक म्हणून. तुम्ही बाटलीचं लिहिलंत ते खरं आहे. मला तुमची किळस येते असं लिहायला मी जेव्हा जेव्हा पेन उचललं, तेव्हा तेव्हा तो परिच्छेद समोर आला. तो काढा म्हणून मी ऑफिसातल्या साहेबांकडे गेले. आमचे साहेब म्हणाले, "ग्राहकाला तोच सर्वांत आवडलाय." पुस्तक छापून तयार आहे.

तारीख पुढे ढकलता येणार नाही. दोनदा पुढे गेलीय, आणि दोन्ही वेळा कारखान्याच्याच वकिलानं मागितली होती. तुम्ही म्हणता महिनाभर. आई तो महिनाभर काय पिणार? मी फोन करून जार घ्यायला सांगितलं तर म्हणाली, "तू पन मामासारकी झाली का?"

सत्यमचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण तो तरुण आहे, दोन हात धड आहेत त्याला. आईच्या हाताला पीठ झोंबतं.

तिला मी सांगणार नाही. घाबरून नव्हे. ते तुमच्या तोंडून तिला कळायला हवं. सुनावणीला मी येणार नाही, कारण तिथे कोणीतरी माझा परिच्छेद वाचून दाखवेल आणि मला तो ऐकवणार नाही. हे भित्रेपण आहे, मान्य.

अपेक्षा


मुकुंदवाडी
१९ मार्च २०२५

चि. अपेक्षा,
जयभीम.

तुझ्या पत्राचं उत्तर दिलं नाही. देण्यासारखं काही नव्हतं. आता आहे, म्हणून लिहितो.

रविवारी सत्यमला सगळं सांगितलं. तो बराच वेळ मोबाईलकडे बघत बसला, मोबाईल बंदच होता. मग म्हणाला, "पप्पा, आता मला कायम केलं तरी त्या गेटातून मी आत कसा जाऊ?" मामी मात्र रडली आणि मला म्हणाली, "बावीस वर्षं तोंड शिवलं होतं, अजून पंधरा दिवसानं काय दातखीळ बसली असती का?" तिचंही चूक नाही.

त्याच दुपारी बोरखेडीला गेलो. आक्का ओट्यावर शेंगा निवडत होती. मला बघून उठली नाही, पण जा असंही म्हणाली नाही. मी उभ्यानंच बोललो. वॉल्व्ह, शुक्रवार, बाटली, आणि तुझ्या निकालाचं जेवण. तिचा हात शेंगांतच राहिला. मला वाटलं शिव्या देईल, चप्पल काढेल. तिनं फक्त विचारलं, "पोरगी पीत व्हती तवा तुला ठाव व्हतं?"

मी म्हणालो, "व्हय."

तिनं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. मग म्हणाली, "नऊ वर्षं मी समजले, भाऊ शेहरात जाऊन विटाळ धरायला लागला. त्याच्यापायी रडले. तेवढंच असतं रे, तर लई बरं झालं असतं."

मी पाया पडायला वाकलो, तिनं पाय मागे घेतले. म्हणाली, "मंगळवारी ये. साक्ष दे. पन माझ्या शेजारी बसू नको."

काल सत्यमनं मला गाडीवरून सोडलं, तो आत आला नाही. हॉल गच्च भरला होता. बोरखेडीची वस्ती पुढे, आक्का पहिल्या खुर्चीवर, तिनं पांढरं लुगडं नेसलं होतं. मी शेवटच्या रांगेत बसलो. कारखान्याच्या वकिलानं तुझं पुस्तक उघडून सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे ठेवलं आणि तो परिच्छेद मोठ्यानं वाचला. प्रत्येक थेंब निर्मळ होऊन, वगैरे. माझा फोटोही दाखवला. वाचून झाल्यावर मी उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, तो फोटोतला माणूस मीच आहे. हे खोटं आहे." मग सगळं सांगितलं. नाला कुठून निघतो, वॉल्व्ह कोणत्या भिंतीशी आहे, मागचा चौकोनी दगड उचलला की खाली पाइप लागेल. वकील मधे मधे ओरडत होता. साहेबांनी सगळं लिहून घेतलं, आणि आजच माणसं पाठवून भिंत बघू म्हणाले. आज दुपारी वॉचमनचा फोन आला होता, दगड उचलला म्हणून.

सत्यमला आज गेटवर थांबवलं. ऑर्डर येणार नाही. तो घरी आला, जेवला आणि बाहेर गेला. माझ्याशी बोलला नाही, पण माझं ताट त्यानंच वाढलं होतं.

मी लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. माझं सांगून झाल्यावर वकिलानं नवा डाव काढला. आक्काकडे बोट करून म्हणाला, "हा साक्षीदार यांचा सख्खा भाऊ आहे असं आमच्या कानावर आलंय. घरचीच साक्ष, साहेब, हिला काय अर्थ?" साहेबांनी आक्काला विचारलं, "बाई, हे तुमचे भाऊ का?"

ती उठली. मागे वळून शेवटच्या रांगेपर्यंत तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग साहेबांकडे तोंड करून म्हणाली, "नाय साहेब. कारखान्याचा मानूस हाय त्यो."

साक्ष टिकावी म्हणून म्हणाली असेल. तिला तेवढी हुशारी आहे. हॉलमधून बाहेर पडताना ती माझ्यापासून दोन हातांवरून गेली, मला विचारायची छाती झाली नाही. रात्रभर विचार करतोय, तिनं खोटं सांगितलं असं मला म्हणता येत नाही.

बुद्धभूषण